उन्हातला लांब पल्ला : सायकलस्वारांचा गट आणि शरीराची उष्णता

लांब पल्ल्याची सायकलस्वारी हा सहनशक्तीचा खेळ मानला जातो, आणि माफक हवामानात तो तसाच असतो. परंतु हवेचे तापमान 40 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की पायांतील बळ आणि फुप्फुसांची क्षमता संपण्याच्या बऱ्याच आधी शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता संपू लागते, आणि कोण किती दूर जाईल हे तीच ठरवू लागते. एकटा सायकलस्वार अशा वेळी केव्हा थांबायचे हे स्वतः ठरवू शकतो. गटात निघालेल्या सायकलस्वाराचा वेग, थांबे आणि पाण्याचे नियोजन मात्र इतरांच्या निर्णयांवरही अवलंबून असते, त्यामुळे कडक उन्हातील सामूहिक सराव समजून घ्यायचा तर शरीरशास्त्राइतकाच गटाच्या वागण्याचाही विचार करावा लागतो. गट हे उन्हात मोठे संरक्षण ठरू शकते. तोच गट एखाद्याच्या जिवावरही बेतू शकतो. या दोहोंपैकी काय घडेल, हे गटाचा वेग कोण ठरवतो यावर बहुतांशी अवलंबून असते.

उन्हाळी सरावाची गरज

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगने चांगले मूळ धरले आहे. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा शहरांतून 'ब्रेव्हे' या फ्रेंच परंपरेतील सायकलफेऱ्या होतात. त्यांत 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास, 300 साठी 20 तास, 400 साठी 27 तास आणि 600 साठी 40 तास अशी कालमर्यादा असते, आणि सायकलस्वाराने वाटेत स्वतःची सोय स्वतः पाहायची असते. ही शर्यत नसली तरी इतका वेळ खोगिरावर काढायचा म्हणजे दिवसाचा सर्वांत तापलेला भाग रस्त्यावर जाणारच. याच परंपरेतील 'पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस' ही 1200 किलोमीटरची फेरी चार वर्षांतून एकदा होते.

अमेरिका खंड पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी, सुमारे 4800 किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' त्याहून कठोर आहे. कॅलिफोर्नियातील ओशनसाइड या समुद्रकाठच्या गावातून जून महिन्यात निघालेला स्पर्धक पहिल्याच दिवशी डोंगर उतरून वाळवंटात शिरतो, जिथे पारा 40 अंशांच्या वर असणे नेहमीचे आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली दोघांच्या संघातून ही शर्यत पूर्ण केली. 2017 साली नाशिक येथे कार्यरत असलेले लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. अशा उद्दिष्टांसाठी तयारी करणाऱ्याला उन्हाशी ओळख करून घेणे भागच असते, आणि विदर्भाचा एप्रिल-मे ती ओळख अत्यंत कठोरपणे करून देतो.

उष्णतेचा जमाखर्च

स्नायू अन्नातील रासायनिक ऊर्जेचे रूपांतर कामात करतात तेव्हा त्यांची कार्यक्षमता साधारण 20 ते 25 टक्के असते. उरलेली तीन चतुर्थांशांहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने शरीरातच निर्माण होते. सपाट रस्त्यावर ताशी 27 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला पॅडलवर सुमारे 140 वॅट शक्ती लावावी लागते असे धरले, तर त्याच वेळी त्याच्या शरीरात जवळजवळ 500 वॅट उष्णता तयार होत असते. मानवी शरीराची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एक किलो वजनाचे तापमान एक अंशाने वाढवण्यास लागणारी उष्णता, सुमारे 3.5 किलोज्यूल आहे. म्हणून 70 किलो वजनाच्या शरीराचे तापमान एक अंशाने वाढण्यास सुमारे 245 किलोज्यूल पुरतात, आणि 500 वॅट दराने निर्माण होणारी उष्णता अजिबात बाहेर पडली नाही, तर इतकी वाढ आठ मिनिटांत होईल. विश्रांतीच्या वेळी 37 अंशांच्या आसपास असणारे शरीराच्या गाभ्याचे तापमान, म्हणजे मेंदू, हृदय, यकृत अशा आतील अवयवांचे तापमान, व्यायामात 38 ते 39 अंशांपर्यंत चढणे स्वाभाविक असते. 40 अंशांच्या पुढे मात्र धोक्याचा प्रदेश सुरू होतो. सहा तासांची फेरी सुखरूप पार पडते ती जमेच्या बाजूला सतत पडणारी ही उष्णता खर्चाच्या बाजूने तितक्याच सातत्याने बाहेर जात राहते म्हणून.

खर्चाचे मार्ग मोजके आहेत. त्वचेला स्पर्श करून जाणारी हवा उष्णता वाहून नेते, त्याला संवहन म्हणतात. त्वचा आणि भोवतालच्या वस्तू यांच्यात अदृश्य किरणांद्वारे होणाऱ्या देवाणघेवाणीला प्रारण म्हणतात. आणि घाम वाळताना तो द्रवाचे बाष्प होण्यास लागणारी उष्णता, म्हणजे अप्रकट उष्मा, त्वचेकडून घेतो, त्याला बाष्पीभवनाने होणारे शीतन म्हणतात. उष्ण हवामानात त्वचेचे तापमान साधारण 35 अंश असते. हवा त्याहून थंड असेल तोवर पहिले दोन मार्ग उपयोगी पडतात. हवा 44 अंशांची झाली की हेच मार्ग उलट्या दिशेने चालू लागतात. वारा शरीराला निववण्याऐवजी तापवतो, वरून सूर्य आणि खालून डांबर उष्णता ओततात, आणि दुपारच्या उन्हात डांबराचा पृष्ठभाग 60 अंशांपलीकडे जाऊ शकतो. अशा वेळी शरीराकडे घाम वाळवणे हा एकच मार्ग शिल्लक राहतो.

तो मार्ग बलवान आहे. एक लिटर घाम त्वचेवर पूर्णपणे वाळला तर तो सुमारे 2430 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तासाला एक लिटर या दराने हे शीतन 675 वॅट भरते, म्हणजे वरच्या उदाहरणातील सायकलस्वाराच्या शरीरात निर्माण होणारी सारी उष्णता आणि उन्हाची काही भर त्यात सामावू शकते. या आकडेमोडीत 'पूर्णपणे वाळला तर' ही अट मात्र कळीची आहे. कपाळावरून ओघळून रस्त्यावर पडलेला थेंब शरीरातले पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता जवळजवळ नेतच नाही.

विदर्भाचे ऊन आणि कोकणाचे ऊन

घाम किती वाळेल हे त्वचेजवळील बाष्पाचा दाब आणि हवेतील बाष्पाचा दाब यांच्यातील फरकावर अवलंबून असते. मे महिन्यातील नागपूरची दुपार 44 अंश तापमानाची आणि 15 टक्के सापेक्ष आर्द्रतेची, तर किनाऱ्यावरची दुपार 34 अंश तापमानाची आणि 70 टक्के सापेक्ष आर्द्रतेची असे धरले, तर घाम वाळवणारा हा फरक नागपुरात किनाऱ्याच्या दुपटीहून अधिक भरतो. केवळ पारा पाहणाऱ्याला किनाऱ्यावरची दुपार दहा अंशांनी सौम्य वाटते, पण तिथे घाम अंगावर साचतो, कपडे चिंब होतात आणि शीतन अपुरे पडते. विदर्भात याउलट घाम फुटताक्षणी उडून जातो, त्वचा कोरडी भासते, आणि आपल्याला फारसा घाम येतच नाही अशा समजुतीत सायकलस्वार तासाला लिटरभर पाणी गमावत राहतो. एका ठिकाणी शीतन कमी पडण्याचा धोका आहे, तर दुसऱ्या ठिकाणी शीतनाची किंमत न कळण्याचा.

म्हणूनच उष्णतेचा ताण मोजण्यासाठी साध्या तापमापकापेक्षा व्यापक निर्देशांक वापरला जातो. अमेरिकी नौसैनिकांच्या प्रशिक्षण शिबिरांत उष्माघाताने होणारी हानी रोखण्यासाठी 1950 च्या दशकात तो तयार झाला. त्यात ओल्या कापडाने झाकलेल्या तापमापकाचे वाचन 70 टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या पोकळ गोळ्याच्या आतील तापमान 20 टक्के आणि सावलीतील हवेचे तापमान 10 टक्के अशा प्रमाणात मिळवतात. ओल्या तापमापकाला इतके वजन मिळाले याचे कारण तो घामेजल्या त्वचेप्रमाणेच बाष्पीभवनाने थंड होतो. समजा, विदर्भातील एखाद्या दुपारी ही तीन वाचने अनुक्रमे 25, 58 आणि 44 अंश आली, तर निर्देशांक 33.5 होतो, किनाऱ्यावर ती 30, 46 आणि 34 अंश आली, तर तो 33.6 होतो. पाऱ्यात दहा अंशांचे अंतर असूनही शरीरावरील ताण जवळजवळ सारखा असू शकतो. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने व्यावसायिक शर्यतींसाठी आखलेल्या उष्णताविषयक नियमावलीत याच निर्देशांकाचा आधार घेतला आहे, आणि त्यात 28 अंशांच्या पुढील स्थिती सर्वाधिक जोखमीची मानली जाते.

भारतीय हवामान विभागाचे निकषही सराव आखणाऱ्यांना ठाऊक असायला हवेत. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान 40 अंश असून ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वर गेले, अथवा थेट 45 अंशांना पोहोचले, की उष्णतेची लाट मानली जाते; किनारी भागासाठी हा उंबरठा 37 अंशांचा आहे. विभागाकडून असा इशारा आलेला असताना दुपारचा सराव आखणे समर्थनीय ठरत नाही.

गटाच्या आत वाहणारी हवा

सायकलस्वाराला सपाट रस्त्यावर सर्वाधिक झुंज हवेशी द्यावी लागते, कारण हवेचा अवरोध मोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पुढच्या सायकलच्या मागे जवळून चालल्यास, म्हणजे 'ड्राफ्टिंग' केल्यास, मागच्याचे श्रम वेगानुसार पाव ते तृतीयांश हिश्शाने कमी होऊ शकतात. पुढे राहण्याची पाळी आळीपाळीने घेतली तर पूर्ण गट एकट्या सायकलस्वारापेक्षा कमी श्रमात तेवढेच अंतर कापतो. श्रम कमी म्हणजे निर्माण होणारी उष्णताही कमी, आणि या अर्थाने गट हा उन्हातला खरा आधार आहे.

परंतु ज्या हवेचा अवरोध टळतो, तीच हवा घामही वाळवत असते. विदर्भासारख्या कोरड्या हवेत थोडा वारा कमी झाला तरी बाष्पीभवनाला पुरेसा वाव उरतो, शिवाय तापलेल्या झोतापासूनही काही बचाव होतो, म्हणून तिथे गटात चालणे सहसा फायद्याचे ठरते. दमट हवेत मात्र गटाच्या मधोमध अडकलेल्याला कमी श्रमांचा लाभ मिळत असूनही घाम न वाळण्याचा त्रास होऊ शकतो, आणि त्याला अधूनमधून कडेच्या मोकळ्या हवेत येऊ देणे गरजेचे असते. पाठीमागून वारा असेल तेव्हा हीच स्थिती पूर्ण गटाची होते: सायकल सहज पळते, वेग सुखद वाटतो, पण शरीराजवळून जाणारी हवा जवळजवळ थांबते.

घाटात ही अडचण सर्वांत तीव्र होते. सायकलसह 80 किलो वजन सहा टक्के चढावर ताशी दहा किलोमीटरने नेण्यास सुमारे 140 वॅट लागतात, म्हणजे सपाट रस्त्यावर ताशी 27 किलोमीटरने जाण्याइतकेच. शरीरातील उष्णतेची निर्मिती तीच, अंगावरून जाणारी हवा मात्र तृतीयांशाहून थोडी अधिक, आणि इतक्या कमी वेगात ड्राफ्टिंगचा लाभही नगण्य. कात्रज किंवा खंबाटकीच्या घाटात उन्हाळ्यात सायकलस्वार गळून जातात, त्यामागे चढाच्या श्रमाइतकाच हवेच्या या अभावाचा वाटा असतो. सराव आखताना घाट पहाटेच्या थंड तासांत यावा आणि उन्हाचा काळ सपाट रस्त्यावर जावा, ही साधी योजना म्हणूनच फार मोलाची असते.

गटाबाबत आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. सर्वांचा वेग सारखा असला तरी सर्वांच्या शरीरांवरील ओझे सारखे नसते. ताशी 27 किलोमीटरचा वेग एखाद्या मुरलेल्या सायकलस्वारासाठी क्षमतेच्या निम्मा असेल, तर शेजारच्या नवोदितासाठी तो क्षमतेच्या टोकाला भिडलेला असू शकतो. चढावर जड शरीराला वजनाच्या प्रमाणात अधिक शक्ती लावावी लागते, परंतु त्याच्या प्रत्येक किलोमागे त्वचेचे क्षेत्रफळ हलक्या शरीरापेक्षा कमी असल्यामुळे त्याची उष्णता सावकाश बाहेर पडते. उन्हाची सवय नसलेला, नुकताच ताप किंवा जुलाबातून उठलेला, अपुरी झोप झालेला, आदल्या रात्री मद्य घेतलेला किंवा लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे घेणारा सायकलस्वार बाहेरून इतरांसारखाच दिसतो. त्याचा उष्णतेचा जमाखर्च मात्र आधीच तुटीत असतो.

रोमची शर्यत, 1960

गटाच्या नियमांचा एका शरीरावर किती भार पडू शकतो, याचे दुःखद उदाहरण ऑलिंपिकच्या इतिहासात नोंदलेले आहे. 26 ऑगस्ट 1960 रोजी रोममध्ये 100 किलोमीटरची सांघिक सायकल शर्यत सुमारे 40 अंश तापमानात झाली. प्रत्येक संघात चार सायकलस्वार होते, आणि संघाचा निकाल तिसऱ्या सायकलस्वाराच्या वेळेवर ठरत असल्यामुळे किमान तिघांनी शर्यत पूर्ण करणे आवश्यक होते. डेन्मार्कच्या संघातील एक जण उन्हाच्या त्रासाने लवकरच बाहेर पडला, आणि उरलेल्या तिघांपैकी कोणीही थांबला तरी संघ बाद होणार अशी स्थिती झाली. त्यांपैकी 23 वर्षांच्या क्नुड येन्सनला भोवळ येऊ लागल्यावर सहकाऱ्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी सावरले आणि त्याच्यावर पाणी शिंपडले. तो जरा सावरल्यासारखा वाटताच त्यांनी हात सोडला, तेव्हा तो रस्त्यावर कोसळला आणि त्याच्या डोक्याला मार लागला. त्याला उन्हात तापलेल्या एका तंबूत नेण्यात आले, आणि त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. मृत्यूचे अधिकृत कारण उष्माघात असे नोंदवले गेले. त्याला दिलेल्या औषधांविषयीचा वाद नंतर दीर्घकाळ चालला आणि खेळांतील उत्तेजकांविरुद्धच्या मोहिमेला त्यातून चालना मिळाली.

या घटनेत सहकाऱ्यांच्या मायेत काहीच उणे नव्हते. उणीव होती ती त्या रचनेत, जिने थांबणे अशक्य करून ठेवले. हौशी गटाच्या सरावफेरीत असा लिखित नियम नसतो, पण 'आपल्यामुळे सगळे खोळंबतील' हा संकोच तेच काम करतो. सात वर्षांनी, 13 जुलै 1967 रोजी, 'टूर द फ्रान्स'मध्ये माँ व्हाँतूच्या तापलेल्या चढावर ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसनचा मृत्यू झाला, तेव्हा ऊन, निर्जलीकरण आणि उत्तेजके यांचा घातक मेळ जगापुढे आला. उत्तेजके शरीराचे थांबण्याचे इशारे दाबून टाकतात. संकोच आणि ईर्ष्या काही प्रमाणात तेच करतात.

पाणी, मीठ आणि साखर

उष्ण हवेत सायकलस्वाराला तासाला साधारण अर्धा ते दोन लिटर घाम येतो. रक्तातील पाणी कमी झाले की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त कमी होते आणि ती उणीव भरून काढण्यासाठी ठोके वाढतात. वेग तोच असूनही हृदयगती तासागणिक चढत जाणे हे त्याचेच लक्षण होय. वजनात दोन टक्क्यांहून अधिक घट झाली की दीर्घ श्रमाची क्षमता सामान्यतः घसरू लागते. फेरीच्या आधी आणि नंतर वजन करून, मध्ये प्यायलेले पाणी हिशेबात धरले, की प्रत्येकाला आपल्या घामाचा अंदाज घरच्या काट्यावर घेता येतो, आणि कोणत्याही सर्वसाधारण नियमापेक्षा तो अधिक विश्वसनीय असतो.

घामाबरोबर मीठही जाते. एका लिटर घामात साधारण अर्धा ते पावणेदोन ग्रॅम सोडियम असते, आणि हे प्रमाण व्यक्तीव्यक्तीगणिक खूप बदलते. म्हणून तासन्‌तास केवळ साधे पाणी, तेही घामापेक्षा जास्त, पीत राहिल्यास रक्तातील सोडियम विरळ होऊन डोकेदुखी, मळमळ, गोंधळ आणि प्रसंगी झटके येऊ शकतात. 2002 सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांमध्ये सोडियम कमी झालेले आढळले, आणि धावताना वजन वाढणे, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पिणे, याच्याशी त्याचा निकटचा संबंध दिसला. तहान, घामाचा अंदाज आणि लघवीचा रंग या तिन्हींकडे लक्ष ठेवून पिणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांच्या सोबतीने शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढले जाते. याच तत्त्वावर ओआरएस आधारलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटर पाण्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असून त्याबरोबर पोटॅशियम आणि सायट्रेटही असतात. 1971 साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मिश्रणाने पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत, कोकम सरबत, कैरीचे पन्हे आणि मीठ घातलेले पातळ ताक ही महाराष्ट्रातील उन्हाळी पेये त्याच तत्त्वाच्या जवळ जातात, आणि रस्त्याकडेच्या थांब्यावर ती सहज मिळतात. साखर फार झाली की जठर सावकाश रिकामे होते आणि उन्हात मळमळ वाढते, म्हणून ही पेये पातळ ठेवणे हिताचे.

गटाने पाण्याची बेरीज निघण्याआधीच करायला हवी. 15 जणांनी सहा तासांत प्रत्येकी तासाला एक लिटर प्यायचे ठरवले तर 90 लिटर पाणी लागते, आणि सायकलवरील दोन मोठ्या बाटल्यांत प्रत्येकाजवळ जेमतेम दीड लिटर मावते. याचा अर्थ साधारण दर दीड तासाला खात्रीचा पाणवठा हवा. उन्हाळ्यात गावोगावचे हातपंप आटलेले आणि दुपारी टपऱ्या बंद असण्याची शक्यता धरून हे थांबे आदल्या दिवशी दूरध्वनीवरून पक्के करावेत, नाहीतर सोबत वाहन ठेवावे.

सवय : शरीराचे शिक्षण

उन्हाची सवय ही केवळ मनाची तयारी नव्हे. तो शरीरात घडणारा मोजता येण्याजोगा बदल आहे. रोज तास-दीड तास उष्ण हवेत मध्यम श्रम केल्यास पहिल्या आठवड्यातच रक्तातील द्रव भाग, म्हणजे रक्तद्रव, वाढतो आणि त्याच वेगाला हृदयगती कमी लागते; त्यानंतर घाम लवकर आणि अधिक प्रमाणात येऊ लागतो आणि त्यातील मीठ घटते. हे अनुकूलन बहुतांशी 7 ते 14 दिवसांत पूर्ण होते, आणि उन्हाचा संपर्क तुटल्यास काही आठवड्यांतच ओसरते. अनुकूलन झालेल्याला घाम जास्त येत असल्यामुळे त्याला पाणीही जास्तच लागते. सराव झाला म्हणून कमी पाण्यात भागते हा समज उलटा आणि घातक आहे.

या सवयीसाठी भर दुपारच्या सहा तासांच्या फेरीची गरज नसते. पहाटे चारला पुढचे-मागचे दिवे आणि परावर्तक जाकीट यांसह निघालेला गट सकाळी दहापर्यंत लांब पल्ला पूर्ण करू शकतो, आणि शेवटच्या तास-दीड तासात वाढत्या उन्हाची मात्रा शरीराला आपोआप मिळते. पहिल्या आठवड्यात ही मात्रा कमी आणि वेग नेहमीपेक्षा मंद ठेवून पुढे ती हळूहळू वाढवणे हे शास्त्राला धरून आहे. फिकट रंगाचे, सैलसर विणीचे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हवेशीर हेल्मेट यांनी उन्हाची भर कमी होते. बाह्या अधूनमधून पाण्याने भिजवल्या तर कोरड्या हवेत घामाचे काम त्या पाण्याकडून होते आणि शरीरातले पाणी वाचते.

धोका ओळखणे आणि थंड करणे

उष्णतेच्या थकव्यात गळाठा, डोकेदुखी, मळमळ, भोवळ आणि गोळे येणे ही लक्षणे दिसतात, आणि सावलीत आडवे करून, पाय उंच ठेवून, मीठ-साखरेचे पाणी दिल्याने माणूस सहसा सावरतो. उष्माघात वेगळा : त्यात गाभ्याचे तापमान 40 अंशांच्या पुढे गेलेले असते आणि मेंदूचे कामकाज बिघडलेले असते. बोलणे थांबणे, विसंगत उत्तरे, अकारण चिडचिड, सायकल सरळ न चालणे, भर उन्हात अंगावर काटा येणे या खुणा आधी दिसतात, आणि त्या स्वतः रुग्णाला उमगत नाहीत, शेजारून चालणाऱ्यालाच उमगतात. श्रमातून झालेल्या उष्माघातात अंग घामाने ओले असू शकते, म्हणून कोरड्या त्वचेची वाट पाहत बसणे चुकीचे ठरते. कपाळावर लावलेला तापमापकही आतील तापमान अनेकदा कमी दाखवतो.

अशा वेळी पहिले कर्तव्य जागच्या जागी थंड करणे हे आहे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावतानाच रुग्णाला सावलीत न्यावे, हेल्मेट आणि जादा कपडे काढावेत, आणि शेतातील हौद किंवा पाण्याची टाकी जवळ असेल तर डोके वर धरून गळ्यापर्यंत पाण्यात बसवावे. तशी सोय नसल्यास अंगावर सतत पाणी ओतत वारा घालावा आणि रस्त्यावरच्या रसवंतीतून बर्फ मिळवून तो मान, काखा आणि जांघा येथे ठेवावा. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरवता आले तर वाचण्याची शक्यता फार वाढते. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, आणि तापावरची गोळी देऊ नये, कारण हा ताप संसर्गाचा नसल्यामुळे ती उपयोगी पडत नाही आणि यकृताला अपाय करू शकते.

गटाचा वेग कोणाचा

वरील सर्व विवेचनाचा निष्कर्ष एका नियमात सांगता येतो : कडक उन्हात गटाचा वेग सर्वांत बलवानाने ठरवू नये, सर्वांत तापलेल्याने ठरवावा. तो नियम अंमलात येण्यासाठी निघण्यापूर्वीच काही गोष्टी उघडपणे बोलल्या जाव्यात. अनुभवी सायकलस्वार पुढे जितका लागतो तितकाच शेवटी लागतो, आणि त्याच्या मागे कोणीही राहता कामा नये. प्रत्येकाची एका सोबत्याशी जोडी असावी आणि प्रत्येक थांब्यावर त्या दोघांनी एकमेकांशी दोन वाक्ये बोलावीत, कारण बोलण्यातला घोळ हीच पहिली सूचना असते. परतीची वेळ अंतरावर न ठरवता घड्याळावर ठरवावी. थांबण्याची इच्छा व्यक्त करणाऱ्याला कारण विचारले जाऊ नये, आणि त्याच्यासोबत किमान एकाने थांबावे. हवामान विभागाचा उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल त्या दिवशी दुपारचा सराव रद्द करण्याचा अधिकार गटप्रमुखाला असावा आणि त्याने तो निःसंकोच वापरावा. रद्द झालेली एक फेरी सरावाचे काहीही बिघडवत नाही. उन्हाळ्यात गट घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाने हे नियम आजच लिहून काढावेत आणि पुढच्या फेरीआधी ते सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावेत.